फिश टँकचा ताळेबंद

आमच्या बँकेत संकटाची तयारी बारा महिने चोवीस तास असते. आग लागली तर वाळूच्या लाल बादल्या आहेत. दरोडेखोर आला तर कॅशियरच्या पायाशी भोंग्याचं बटण आहे. (ते गेल्या बावीस वर्षांत दोनदाच वाजलं, दोन्ही वेळा आमच्या हेडकॅशियरांची चप्पल त्यावर पडली म्हणून.) वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, इन्व्हर्टर दमला तर जनरेटर आहे, आणि जनरेटरनेही मान टाकली तर 'सिस्टीम बंद आहे' अशी पुठ्ठ्याची पाटी आहे. ही पाटी मात्र आजवर एकदाही बिघडलेली नाही.

अशा वातावरणात बावीस वर्षं मुरलेला माणूस घरीही थोडाफार सावध असेल, असा आपला समज होईल. माझाही होता. तो गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, एका मंगळवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी, छप्पन्न लिटर पाण्यात बुडाला.

त्याचं असं झालं. आई गेल्यावर आमचे अण्णा बोलेनासे झाले. तसे ते पूर्वीही फार बोलके नव्हते. अडतीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस. दर शब्दाला पैसे पडतात अशा हिशेबाने, तार केल्यासारखं बोलायचे. सरकारने तार २०१३ साली बंद केली. अण्णांनी आई गेल्यावर. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खिडकी. शेवटी शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, "घरात मासे आणा हो. त्यांच्याकडे बघत बसलं की माणसाला बरं वाटतं." आमच्याकडे मासा यायचा तो रविवारी आणि थेट तव्यावर. पोहणारा मासा पैसे देऊन घरात आणायचा, ही कल्पनाच नवीन होती. पण अण्णांसाठी म्हणून गेलो.

दुकानदार म्हणाला, "काही बघायला लागत नाही साहेब. पंप चालू ठेवायचा, चिमूटभर दाणे टाकायचे. बास."

"आणि पंप बंद पडला तर?" हा प्रश्न मी तिथेच विचारायला हवा होता. आल्यागेल्या कर्जदाराला 'हप्ता चुकला तर?' असं दरडावून विचारणाऱ्या मी तो विचारला नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली. तिच्यात दोन-तीन गोल्डफिश सुखाने राहिले असते. दुकानदाराने डझनावर सूट सांगितली. आम्ही संयम दाखवून नऊ घेतले. वर प्लास्टिकची झाडं घेतली. खऱ्या झाडांची निगा राखावी लागते म्हणे.

आणि खरोखरच अण्णांची खुर्ची खिडकीपासून टाकीपाशी आली. त्यांनी माशांना आपल्या हाताखालच्या आणि डोक्यावरच्या मंडळींची नावं दिली. पोट सुटलेला तो कर्णिकसाहेब, सारखा कोपऱ्यात बसणारा तो सॉर्टर, आणि सगळ्यात लहान, सगळ्यात चपळ तो तारवाला. "आज तारवाला जेवला नाही," असं एखादं पूर्ण वाक्य ते जेवताना बोलू लागले. आमच्या हिने डोळ्यांना पदर लावला. मी दुकानदाराला मनातल्या मनात धन्यवाद दिले.

मग तो मंगळवार आला. गल्लीतल्या ट्रान्स्फॉर्मरने सुतळी बाँबसारखा आवाज काढून प्राण सोडला. आपल्याकडे वीज गेली की आधी शेजाऱ्यांचीही गेली आहे ना ते बघायचं, आणि गेली असली की समाधानाने बसायचं, अशी पद्धत आहे. तसे आम्ही बसलो. साडेदहाला चिरंजीव टॉर्च घेऊन टाकीपाशी गेले आणि ओरडले. नऊच्या नऊ मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडझाप करत होते. महिनाअखेरीला पेन्शनच्या काउंटरवर जी गर्दी असते, अगदी तशी.

पाच मिनिटांत मजला गोळा झाला. कोणी म्हणालं बर्फ टाका, कोणी म्हणालं मासे परातीत काढा. चिरंजीवांनी सरबताची नळी पाण्यात घालून फुंकायला सुरुवात केली. जोशीकाका घरातून सोड्याची बाटली घेऊन आले. "बुडबुडेच हवेत ना? ह्यात भरपूर आहेत." ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात, हे बी.कॉम. झालेल्या माणसालाही माहीत असतं. मी बाटली काढून घेतली.

ह्या गोंधळात अण्णा उठले आणि म्हणाले, "तांब्या आण."

तांब्या आणला. त्यांनी टाकीतलं पाणी तांब्यात घेतलं, वीतभर उंच धरलं आणि बारीक धारेने परत टाकीत सोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. घेतलं, सोडलं. पाच-सात मिनिटांनी मासे हळूहळू खाली उतरले. अण्णा थांबले की वर यायचे. धार सुरू झाली की खाली जायचे. मग आम्ही पाळ्या लावल्या. अण्णा, मी, ही, चिरंजीव, पुन्हा अण्णा. सकाळी आठ वाजता वीज आली. अकरा तासांत नऊ मासे आणि एक तांब्या, सगळे शाबूत. त्या रात्री माझ्या पाळीतही अण्णा झोपायला गेले नाहीत, बसून राहिले, आणि थोडं बोलले. ते पुढे सांगतो.

मी रजा टाकली. (अर्जात 'घरगुती अडचण' असं लिहिलं. 'रात्रभर माशांना वारा घालत होतो' ह्यासाठी आमच्या बँकेत रकाना नाही.) विजयाच्या आनंदात मी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून खसाखसा धुतला, पांढरा स्वच्छ केला आणि परत बसवला. माशांनी रात्र काढली म्हणून त्यांना दुप्पट दाणे घातले. आणि शुक्रवारी सकाळी तारवाला पाण्यावर आडवा तरंगत होता.

अण्णा काही म्हणाले नाहीत. खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली.

रात्री जो वाचला तो तिसऱ्या दिवशी का मेला? हा हिशेब लागेना. रोकड जुळत नसली की मला झोप येत नाही. म्हणून मी मोबाइलवर, आणि मग वाचनालयातून आणून, ह्या विषयावर वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की घरात मासे पाळण्याचा इतिहास म्हणजे आयत्या वेळच्या फजित्यांचा आणि मागाहून सुचलेल्या शहाणपणाचा इतिहास आहे. म्हणजे आम्ही एकटे नव्हतो. आमच्याआधी मोठी मोठी माणसं तांब्या घेऊन बसली होती.

गोल्डफिश मूळचे चीनचे. सुंग राजवटीत, सुमारे हजार वर्षांपूर्वी, ते तळ्यांत पाळत. मिंग राजवटीत चिनी मातीच्या कुंड्यांत घरात आले. रुंद तोंडाच्या कुंडीत पाण्याला वरून हवा लागायची आणि मासे बरे राहायचे. युरोपात मासे काचेच्या भांड्यात आले. लंडनच्या सॅम्युअल पेपिस ह्या गृहस्थांनी मे १६६५ मध्ये असे पाण्याच्या काचपात्रातले परदेशी मासे पाहिले आणि ते त्यात कायमचे जगतात, असं रोजनिशीत लिहून ठेवलं. पेपिस नौदलाच्या कचेरीत कारकून होते. पदाचं नावच 'क्लार्क'. मोठा अधिकार असलेले क्लार्क, पण क्लार्कच. म्हणून मला त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटला. दुकानदाराने सांगितलं ते लिहून घ्यायचं आणि 'बंद पडलं तर?' हे विचारायचं नाही, ही आमच्या वर्गाची खोड साडेतीनशे वर्षं जुनी आहे, हेही कळलं.

१७४७ साली होरेस वॉलपोल ह्या उमरावांची मांजर गोल्डफिशच्या भांड्यात पडून बुडाली. थॉमस ग्रे ह्या नामांकित कवीने तिच्यावर कविता लिहिली, ती आजही इंग्रजी शिकणाऱ्यांना वाचावी लागते. भांड्यातल्या माशांवर त्या दिवशी काय प्रसंग गुदरला असेल, त्यावर कोणी ओळही खरडली नाही. मासा मेला की तो आकडा असतो; मांजर मेली की साहित्य होतं.

खऱ्या अर्थाने काचेची टाकी बांधून तिच्यात अभ्यास केला तो जान व्हिलप्रू-पॉवर ह्या फ्रेंच बाईने, १८३२ साली, सिसिली बेटावर. पूर्वी ह्या बाई पॅरिसमध्ये उंची कपडे शिवायच्या. आर्गोनॉट नावाचा आठ पायांचा समुद्री जीव आपलं शिंपलं स्वतः घडवतो की दुसऱ्याचं बळकावतो, ह्यावर तेव्हा विद्वानांत कडाक्याचा वाद होता. बाईंनी टाकीत ठेवून, रोज बघून दाखवून दिलं की तो ते स्वतः घडवतो. पुढे त्यांचा बराचसा संग्रह आणि कागदपत्रं ज्या जहाजाने पाठवली ते जहाज बुडालं. आयुष्यभर समुद्रातून घरी आणलेलं सगळं समुद्राने एका फेरीत परत नेलं. त्या काळी झेरॉक्स नव्हती.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या बाईंमुळे. त्यांचं नाव ॲना थिन. आमचे अण्णा आणि ह्या ॲना! ह्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठे धर्माधिकारी. १८४६ साली ह्या बाई टॉर्की गावी समुद्रावर गेल्या आणि तिथले पोवळ्याच्या जातीचे जिवंत जीव त्यांना इतके आवडले, की ते त्यांनी घागरीत घालून लंडनला आणले. ते भांड्यात गडगडू नयेत म्हणून सुईदोऱ्याने स्पंजावर टाचून ठेवले. समुद्राचं पाणी लांबून मागवावं लागायचं. ते वेळेवर आलं नाही तर आहे तेच पाणी पुन्हा वापरायची पाळी यायची. मग काय करायचं? बाईंची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात, त्या भांड्यातून ह्या भांड्यात, अर्धा-पाऊण तास ओतत बसायची.

म्हणजे तांब्याच! पाणी उंचावरून पडलं की हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. पंप हेच काम करतो, फक्त त्याला तार आणि बिल असतं. हे अण्णांना कोणी शिकवलं नव्हतं. चहा निववताना त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. पुस्तकांत ॲनाबाईंचं नाव मानाने येतं. ओतणारीचं येत नाही. जगातला पहिला एअर पंप म्हणून तिचा फोटो प्रत्येक मासेवाल्याच्या दुकानात लावायला हवा.

मग आला माझ्या विषयातला माणूस. रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ. ह्यांनी १८४९ साली बारा-तेरा गॅलनचं काचपात्र घेतलं, म्हणजे जवळपास आमच्याच टाकीच्या मापाचं. त्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले. दोनच! आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती लावली. मासा प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड देतो. वनस्पती उजेडात तो घेते आणि प्राणवायू देते. ह्याचं जमा ते त्याचं नावे. काही दिवसांनी वनस्पतीची पानं कुजून पाणी गढूळ झालं. वॉरिंग्टननी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी निवळलं. १८५० साली त्यांनी हा सगळा ताळेबंद केमिकल सोसायटीपुढे मांडला. मला गहिवरून आलं. द्विनोंदी पद्धत पाण्यातही चालते, हे कॉमर्स कॉलेजात आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

आमच्या टाकीत ह्यातलं काय होतं? झाडं प्लास्टिकची, म्हणजे ना व्याज ना मुद्दल, निव्वळ बुडीत खाती. आणि खरी असती तरी त्या रात्री उपयोग नव्हता, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायू घेऊ लागते. दिवसाचा ठेवीदार रात्रीचा कर्जदार. शिवाय मे महिना. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: एका लिटरमध्ये २० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. ठेवी घटलेल्या आणि खातेदार नऊ. अशा शाखेवर गर्दी उसळणारच.

इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा कर रद्द झाला होता आणि काच स्वस्त झाली होती. (कर रद्द झाला की काहीतरी स्वस्त होतं, असा तो काळ.) त्यात फिलिप हेन्री गॉस ह्यांनी १८५४ साली समुद्री टाकीवर पुस्तक लिहिलं आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर पोचवला. मग काय! जो उठतो तो बादली घेऊन समुद्राकडे. किनाऱ्यावरचे खडकाळ डोह लोकांनी इतके ओरबाडले, की पुढे गॉस ह्यांच्या मुलाने, एडमंड गॉस ह्यांनी, १९०७ सालच्या आपल्या पुस्तकात ह्या नासाडीबद्दल खेद केला आणि वडिलांनाही त्याचं दुःख झालं होतं, हे नोंदवलं. हौस दहा-बारा वर्षं टिकली. जे. जी. वुड ह्या पाद्रीबुवांनी १८६८ साली हिशेब मांडला, की दहातल्या नऊ टाक्या लोकांनी सोडून दिल्या. आमच्या वसुली खात्याचा आकडाही इतका वाईट नसतो.

ह्या सगळ्यांत तयारीचा विचार पक्का केला तो विल्यम आल्फर्ड लॉइड ह्या दुकानदाराने. लंडनमध्ये टाक्या आणि मासे विकता विकता हा माणूस जाहीर मत्स्यालयं उभारण्यापर्यंत पोचला. १८७१ साली क्रिस्टल पॅलेसचं मत्स्यालय उघडलं, त्यात त्याचं तत्त्व असं: लोकांना दिसतात त्या टाक्यांत जेवढं पाणी, त्याच्या कित्येक पट पाणी खाली अंधाऱ्या, थंड हौदात, आणि ते सतत खालीवर फिरतं. वर काही बिघडलं तरी खालचा साठा सांभाळून घेतो. आमच्या भाषेत, राखीव निधी. काउंटरवर दिसते ती बँक नव्हे. तळघरात असते ती बँक.

हे तत्त्व ज्यांना परवडत नाही, किंवा ज्यांच्या हातात राहत नाही, त्यांचं काय होतं? २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सवर आदळलं. तिथलं मोठं मत्स्यालय वादळात उभं राहिलं. इमारतीला फारसं काही झालं नाही. पण शहराची वीज गेली, कर्मचाऱ्यांना शहर सोडावं लागलं आणि मागे जनरेटरही थांबला. हजारो मासे गुदमरून मेले. भिंती शाबूत, काच शाबूत. फक्त ओतणारं कोणी उरलं नव्हतं. तिथे पेंग्विन वाचले, कारण ते आपल्यासारखे थेट हवेतून श्वास घेतात.

आणि बर्लिनमध्ये १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे एका हॉटेलातली सुमारे १४ मीटर उंचीची पारदर्शक ॲक्रिलिकची टाकी फुटली. दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे पंधराशे मासे रस्त्यावर. पहाट होती म्हणून माणसं वाचली; दोघांना किरकोळ दुखापत झाली. तज्ज्ञांनी तुकडे गोळा करून तपासले, तरी एकच असं ठाम कारण सांगता आलं नाही. पण तळघरातल्या लहान टाक्यांत काही शेकडो मासे होते. वीज बंद झाल्यामुळे तेही धोक्यात आले. त्यांना घाईने बाहेर काढून दुसरीकडे हलवलं आणि ते वाचले. पुन्हा तळघरच. लॉइडसाहेब असते तर मान डोलावली असती.

पण तारवाल्याचा हिशेब ह्यात कुठेच लागत नव्हता. तो लागला वॉरिंग्टनांच्याच घरी.

त्यांचा मुलगा. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. हा शेतीचा रसायनतज्ज्ञ झाला आणि रॉदॅमस्टेडच्या प्रयोगशेतीत नोकरीला लागला. मातीतल्या अमोनियाचं नायट्रेट कसं होतं, हा त्याचा विषय. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की हे काम जिवंत जंतू करतात. धाकट्या वॉरिंग्टननी पुढची पायरी दाखवली: हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगळ्या जातींचे जंतू ते करतात. पहिला अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. १८९० साली रशियाचे विनोग्राडस्की ह्यांनी असे जंतू वेगळे करून दाखवले.

मातीत जे चालतं तेच टाकीत चालतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. ते विष आहे. ते पचवणारे जंतू वाळूवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या त्या काळपट, बुळबुळीत स्पंजात राहतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. पंप अकरा तास बंद म्हटल्यावर ते अर्धमेले झालेले. उरलेसुरले मी नळाखाली धरले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो तो कशासाठी? जंतू मारण्यासाठी. मग वर दुप्पट दाणे. म्हणजे शिपाई, रेकॉर्ड कीपर, सगळ्यांना एका दिवसात काढून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट गिऱ्हाइकं आत घ्यायची! नऊ माशांत जो सगळ्यात लहान, तो गेला. तारवाल्याला विजेने मारलं नव्हतं. मी मारलं होतं, स्वच्छतेने आणि प्रेमाने.

थोरले वॉरिंग्टन १८६७ साली वारले. आपल्या ताळेबंदात एक नोंद राहून गेली आहे, आणि ती आपला मुलगा शेतातल्या मातीत सापडवणार आहे, हे त्यांना कळलं नाही. काचपात्र का चाललं ते त्यांनी मासा, वनस्पती आणि गोगलगाय ह्यांच्या नावावर लिहिलं. खाली वाळूत बसून जे रात्रंदिवस राबत होते त्यांचं नाव वहीत नव्हतंच.

इथे मला ती रात्र आठवली. पहाटे तीनची पाळी माझी होती. हात भरून आला होता. अण्णा अंधारात शेजारी बसलेले. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही पडा जरा. तुम्हाला ह्याची सवय नाही."

ते म्हणाले, "आहे."

मला वाटलं, पुढे काही नाही. पण थोड्या वेळाने बोलले. "गिरगावात होतो तेव्हा तुला दमा होता. तू चार वर्षांचा. खोलीत पंखा नव्हता. रात्री तू असाच तोंड उघडून बसायचास." त्यांनी टाकीकडे बोट केलं. "मी आणि तुझी आई पाळीपाळीने वारा घालायचो. पेपरने. मी दोनपर्यंत, ती पाचपर्यंत. मग मी सकाळी ड्युटीवर."

"किती दिवस?"

"दोन पावसाळे."

मला ह्यातलं काही आठवत नाही. दमा होता एवढं ऐकून माहीत होतं. तो 'आपोआप गेला' अशी घरात माहिती होती. अण्णा पुढे म्हणाले, "तू बरा झालास तेव्हा तिने तुला तारापोरवाला मत्स्यालयात नेलं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा तिथेच गेलो होतो. ती म्हणाली, बघ, हे पाण्यात श्वास घेतात आणि आपल्या पोराला हवेत जमत नव्हतं." आणि हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं. दिसले नाहीत, अंधार होता.

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या त्या मत्स्यालयात मी गेल्याचं मला पुसट आठवतं. आईच्या साडीचा हिरवा रंग आठवतो. तो पाण्याचा होता असं मी इतकी वर्षं समजत होतो.

तर आता आमच्या घरात तयारी आहे. खुर्ची परत टाकीपाशी आली, कारण मी अण्णांना तारवाल्याचा सगळा हिशेब समजावून सांगितला आणि चूक माझी आहे हे कबूल केलं. त्यांनी ते पोस्टातल्या चौकशीसारखं गंभीरपणे ऐकलं आणि मला ताकीद देऊन सोडलं. पाच मासे जोशीकाकूंच्या भावाच्या मोठ्या टाकीत बदलीवर गेले. आता तीन आहेत, झाडं खरी आहेत. झाकण ठेवलेल्या दोन बादल्यांत एक दिवस शिळं पाणी कायम भरलेलं असतं. टाकी गळायला लागली तर माशांची सोय आणि क्लोरीन उडून गेलेला. स्पंज टाकीतल्याच पाण्यात नुसता पिळायचा, नळ वर्ज्य. वीज गेली तर दाणे बंद; एक दिवस न खाता मासा मरत नाही. पंप बराच वेळ बंद राहिला असेल तर स्पंज आधी पिळून मगच चालू करायचा. आणि सेलवर चालणारा एक छोटा पंप आणला. ह्या सगळ्याचं परिपत्रक अण्णांनी पोस्टी अक्षरात लिहून टाकीशेजारी डकवलं आहे. खाली पाळ्यांचा तक्ता. 'रात्री १० ते २' पुढे त्यांनी स्वतःचं नाव घातलं आहे.

परवा, भाद्रपदात, पुन्हा वीज गेली. मी परिपत्रकाप्रमाणे शांतपणे उठलो, सेलचा पंप काढला, बटण दाबलं. काही नाही. उघडून बघतो तर आत सेलच नाहीत. चिरंजीवांनी ते टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले होते. रिमोट शोधायला मी टॉर्च घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो, तर आतून धारेचा आवाज यायला लागला होता.